मराठी प्रबंधासाठी झीलाटेक: पहिल्या प्रकरणापासून बांधणीपर्यंतचा अनुभव

मराठीतला प्रबंध लाटेकमध्ये, म्हणजे साध्या फाईलमध्ये आज्ञा लिहून छापील पानं तयार करणाऱ्या प्रणालीत, करावा का, असं नागपूर विद्यापीठातले संशोधक हल्ली बरेचदा विचारतात. अनेक महिने वापरल्यावर आमचं उत्तर: जरूर करावा, पण झीलाटेकमध्ये (युनिकोड आणि संगणकावरचे फॉन्ट थेट वापरणाऱ्या तिच्या प्रकारात), आणि देवनागरीची घडी लिखाण सुरू करण्याआधी बसवून. दोनशे पानं झाल्यावर ती बसवणं फार महागात पडतं.

फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टस्पेक या पॅकेजला नुसतं फॉन्टचं नाव देऊन भागत नाही. 'स्क्रिप्ट' या पर्यायात देवनागरी लिहावंच लागतं. ते राहिलं की जोडाक्षरं फुटतात आणि 'कि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. 'लँग्वेज'मध्ये मराठी द्या. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये ही वळणं मुळातच आहेत आणि सलग मजकुराला तो देखणा दिसतो. मात्र त्यात ठळक अक्षरं नाहीत. शीर्षकं मुकाट्याने साध्या अक्षरात छापली जातात, फक्त लॉगमध्ये (झीलाटेकच्या नोंदींच्या फाईलमध्ये) एक इशारा येतो. म्हणून 'बोल्डफॉन्ट'मध्ये 'मुक्त' या फॉन्टचं ठळक वजन जोडा.

सर्वांत जास्त वेळ खातो तो कृतिदेव किंवा श्रीलिपी या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये आणलेला जुना मजकूर. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतल्या ऱ्याचा बरेचदा रफार होऊन येतो. इथे सरसकट शोधा-आणि-बदला चालवू नका, कारण 'कार्यात', 'आचार्यांनी' यांत रफारच बरोबर आहे. एकेक शब्द डोळ्यांखालून घालावा लागतो, दुसरा इलाज नाही.

संदर्भसूचीसाठी बिबलाटेक हे पॅकेज आणि नोंदी लावून देणारा त्याचा जोडीदार प्रोग्राम बायबर घ्या. जुन्या बिबटेकला युनिकोड नीट झेपत नाही. दोन लेखकांच्या नावांमध्ये रोमन लिपीतला 'अँड'च हवा, मग नावं मराठी का असेनात. तिथे 'आणि' लिहिलं की दोन लेखकांचा एकच माणूस होतो आणि क्रमही बिघडतो. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, अशी नोंद सगळीकडे ठेवा. बाकी तळटीपा, आकृत्यांचे क्रमांक, अनुक्रमणिका हे सगळं बिनतक्रार चालतं. प्रकरण मागेपुढे केलं तरी आकडे आपोआप सुधारतात, आणि वर्डमधून आलेल्या माणसाला याचंच सुख सगळ्यांत मोठं वाटतं.

लांब जोडशब्द पानाच्या समासात घुसतात. पॉलिग्लॉसिया या भाषांच्या पॅकेजमध्ये मराठी निवडली की शब्द तोडण्याचे नियम लागू होतात. तरी उरलेल्या ओळींसाठी 'इमर्जन्सीस्ट्रेच' (शब्दांमधली जागा जास्तीची ताणायची मुभा) 3 एम ठेवा. 'ड्राफ्ट' पर्याय चालू केला की बाहेर गेलेल्या ओळीपुढे काळी पट्टी दिसते, शोधायला सोपं जातं. ओळींमधल्या अंतराकडेही बघा. सेटस्पेस या पॅकेजचं 'वनहाफस्पेसिंग' 12 पॉइंटला अंतर फक्त 1.241 पट करतं, त्यामुळे वर्डच्या दीडपटीशी ते जुळत नाही. विभागाच्या नियमाशी पट्टी लावून ताडून घ्या. तळटीपा एकेरी अंतरात असतात. तिथे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. झीलाटेकची पीडीएफ सुरेख दिसते, पण त्यातला मराठी मजकूर कॉपी केला तर अक्षरं उलटसुलट येतात, कारण पीडीएफमध्ये टाईप केलेली अक्षरं नव्हे, तर फॉन्टचे आकार त्यांच्या छपाईच्या क्रमाने जातात. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. पण मजकूरच धड वाचता आला नाही तर ती तपासणी कशाची? शिवाय शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहावर) गेलेला प्रबंध शोधात सापडायला हवा. उपाय एका ओळीचा आहे: सुरुवातीलाच 'झीटेकजनरेटअ‍ॅक्च्युअलटेक्स्ट' 1 करा. मग एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून बघा.

खरी अडचण मार्गदर्शकांची. त्यांना वर्डमध्ये शेरे लिहायची सवय असते. प्रकरणाची पीडीएफ दुप्पट अंतरात छापून देणं हाच व्यवहार्य मार्ग. लाटेकची फाईल वर्डमध्ये नेऊन परत आणायचा खटाटोप करू नका.

छपाईला बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाल तेव्हा पीडीएफच न्या. फॉन्ट तिच्या आतच असतात, त्यामुळे दुकानातल्या संगणकावर अक्षरं बदलत नाहीत. प्रिंट देताना 'अ‍ॅक्च्युअल साईज' निवडायला सांगा. 'फिट' राहिलं तर पान आक्रसतं आणि बांधणीसाठी डावीकडे सोडलेला दीड इंच समास दीड इंच राहत नाही. आधी एक पान काढून पट्टीने मोजा, मगच सगळ्या प्रती काढायला द्या.