लीड गाडी आलीच नाही

गाडी घेऊन सहा महिने झाले होते आणि फोर-व्हील-ड्राइव्हचा तो छोटा दांडा मी फक्त सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांना दाखवायला हलवला होता. त्यामुळे ‘नवशिक्यांसाठी सोपी ट्रेल, भंडारदऱ्याजवळ ओढ्याकाठी मुक्काम’ ही जाहिरात माझ्यासाठीच लिहिल्यासारखी वाटली. पुढे लीड गाडी, मागे स्वीप गाडी, मध्ये आपण पाच जण. तंबू त्यांचे, चुलीवरचं जेवण, सकाळी पोहे. गाडीचे 4,500 आणि माणशी 1,200. मी, बायको आणि नववीतली मुलगी मिळून 8,100 रुपये.

निम्मे बुधवारी संयोजकाला पाठवले. यूपीआयवर भलतंच नाव आलं. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंटचं आहे सर’. गुरुवारी उरलेले मागितले, कारण वनखात्याची परवानगी म्हणे सगळ्यांची एकदमच काढतात. शुक्रवारी रात्री आणखी 5,000, ‘रिकव्हरी डिपॉझिट’, म्हणजे गाडी रुतली तर ओढून काढण्यासाठीचं, दुसऱ्या दिवशी परत मिळणारं. तेही दिले. माणूस बोलायला गोड आणि माहितीला पक्का. डांबरावर टायरमध्ये 32 हवा ठेवत असाल तर चिखलात 22 पर्यंत उतरवा, परत भरायला पंप जवळ ठेवा, हे सगळं त्यानंच शिकवलं. आणि ते बरोबरही होतं!

सगळ्यात लाज वाटते ती जाहिरातीतल्या फोटोंची. कॉलेजपासून सह्याद्रीत हिंडतोय. इथला ओढा काळ्या कातळातून वाहतो हे मला कुणी सांगायला नको. त्या फोटोत पांढरेशुभ्र गोल गोटे होते, हिमालयातल्या नदीत असतात तसे. मी ते पाहिले आणि बायकोला म्हणालो, काय सुंदर जागा आहे बघ.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत दुपारी शेंडीला पोचलो. तिथल्या नाक्यावर वन्यजीव विभागाची प्रवेशाची पावती फाडतात, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. आदल्या रात्री संयोजकाचा मेसेज होता: ‘नाक्यावर मुक्काम विचारला तर हॉटेल सांगा.’ परवानगीसाठी माझ्याकडून पैसे घेतलेला माणूस मला खोटं बोलायला सांगत होता आणि मी इमानेइतबारे बोललो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाली नाही, पण ते पाहणं अजून आठवतं.

मग फोन आला. लीड गाडीचा क्लच घोटीजवळ गेलाय, बाकीचे तिच्यासोबत थांबलेत, तुम्ही मी पाठवलेल्या जीपीएक्स फाइलवरून, म्हणजे मोबाइलच्या नकाशावर वाट दाखवणाऱ्या फाइलवरून, पुढे व्हा, कॅम्पवर आपला माणूस आहे. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

आता एक गोष्ट कुणीतरी मला आधी सांगायला हवी होती. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत जलाशयाला वळसा घालून परत येणारा रस्ता साध्या हॅचबॅकमध्येही होतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तेवढं पुष्कळ आहे. कोकणकडा आहे, सांदण दरी आहे, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आहे. ‘ट्रेल’ म्हणून मला विकलेली फाइल निम्म्याहून जास्त हाच रस्ता होती. उरलेला तुकडा म्हणजे एका वाडीच्या अलीकडून ओढ्याकडे उतरणारी बैलगाडीची वाट. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांना आधीच पुरे झालंय.

त्या वाटेवर, भाताच्या खाचराला लागून, गाडी रुतली. फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या वेगाच्या गिअरमध्ये, ठेवून मी ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. गुळगुळीत रोड टायर जागेवर फिरत खाली खाली गेले. फोर-लो, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा गिअर, टाकून हळू सुटायचं असतं हे नंतर कळलं. गाडीचा फोटो काढून संयोजकाला पाठवला. एकच टिक.

अर्ध्या तासानं एक म्हातारे बाबा आले. गाडीकडे न बघता त्यांनी आधी बांध पाहिला. मग म्हणाले, “ते फायलीवाले का तुमी?”

महिनाभरातले आम्ही तिसरे. जमीन त्यांची आणि भावांची, आणि तिथे कॅम्प चालतो हे त्यांना पहिल्या फायलीवाल्यांकडून समजलं. सरकारच्या महाभूलेख साइटवर गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. मी संयोजकाकडे कॅम्पच्या जागेचा गट नंबर मागितला असता तर गडी तिथेच अडकला असता. मी विचारलं होतं ते संडास इंग्लिश आहे का आणि मोबाइल चार्ज होईल का.

मुलीचा हिरमोड नको म्हणून मी म्हटलं, बाबा, पैसे देतो, एक रात्र ओढ्याकाठी आमचाच तंबू टाकू का? ते आम्हाला फाइलमधल्या ‘कॅम्प’ लिहिलेल्या ठिकाणी घेऊन गेले. छान सपाट वाळू. शेजारच्या जांभळीच्या फांद्यांत, माझ्या खांद्याच्या उंचीला, वाळकं गवत आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या. “हे मागच्या मंगळवारचं,” बाबा म्हणाले. परतीचा पाऊस वर रतनगडाच्या अंगाला पडला की खाली आभाळ कोरडं असतानाही ओढ्याला पाणी येतं. मुलगी त्या चिंध्यांकडे बघत राहिली आणि मग स्वतःच गाडीकडे निघाली.

पुतण्याच्या ट्रॅक्टरनं गाडी निघाली. डिझेलचे म्हणून 500 घेतले, तेही मी कोंबले तेव्हा. फुटलेल्या बांधाचे वेगळे द्यायला गेलो तर म्हणाले, बांध मी घालीन, तेवढं त्या माणसाला सांगा. रात्री शेंडीत खोली घेतली.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला सोमवारी दुपारी, ऑफिसातून, कारण रविवारभर मला वाटत होतं की डिपॉझिट परत येईल. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. तक्रार नोंदली आहे. 13,100 पैकी अजून काही आलेलं नाही.

डिसेंबरात मुलीनं एक रील दाखवलं. नवीन नाव, नवीन लोगो, नवीन नंबर. तिसऱ्या फोटोत आमची गाडी, नंबर प्लेट पुसलेली, चाकं निम्मी चिखलात. खाली लिहिलं होतं: ‘नवशिक्यांसाठी रिकव्हरीचं प्रात्यक्षिक. फक्त 2 जागा शिल्लक.’