शुभ्र पांढरा की राखाडी: यानाच्या मॉडेलला कोणत्या रंगाचा हात द्यावा?

अवकाशयानाच्या मॉडेलचं किट जोडून झालं, फटी भरून घासून झाल्या, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर वाळला. खोक्यावरच्या चित्रात यान पांढरं आहे आणि सूचनापत्रकही पांढराच सांगतंय. तरी एअरब्रश, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणारं अवजार, उचलण्याआधी थोडं थांबावं, असं मला वाटतं. मी तीन यानं तीन रंगांत रंगवली आहेत: एक शुभ्र पांढऱ्यात, एक निळसर झाक असलेल्या फिकट राखाडीत आणि एक उबदार राखाडीत, म्हणजे लांबून पांढराच वाटेल पण जवळून किंचित पिवळट-तपकिरी दिसेल अशा रंगात. तिन्ही एकाच फळीवर, एकाच दिव्याखाली उभी आहेत, त्यामुळे तुलना रोजच होते.

पांढऱ्याची बाजू कमकुवत नाही. खरी अवकाशयानं बऱ्याचदा पांढरी असतात आणि त्याला कारण आहे: पांढरा पृष्ठभाग सूर्याची उष्णता परतवतो. सॅटर्न-५ रॉकेट पांढऱ्यावर काळ्या पट्ट्यांत उभं राहिलं, स्पेस शटलचं अंगही बरंचसं पांढरंच होतं. मॉडेलवर लाल-पिवळे डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हं आणि पट्टे, पांढऱ्यावर सर्वांत उजळ दिसतात, कारण डिकलची शाई थोडी पारदर्शक असते आणि खालचा रंग तिच्यातून डोकावतो. तुमचं यान गुळगुळीत, मोठ्या सपाट पृष्ठभागांचं आणि कोरं करकरीत दाखवायचं असेल, तर पांढऱ्याला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही.

माझं यान तसं नव्हतं. त्याच्या पाठीवर नळ्या, झडपा, चौकटी, बारीक खोक्यांची नुसती गर्दी होती. तिथेच पांढऱ्याने मला दमवलं.

पांढरा रंग मुळात झाकायला कमी पडतो. त्यात ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे प्रत्येक नळीच्या आणि चौकटीच्या कडेला खालचा राखाडी प्रायमर रेघेसारखा दिसत राहिला. म्हणून आणखी एक हात दिला. मग आणखी एक. पाचव्या हाताला कडा झाकल्या, पण तोवर खोबणीत वेगळंच घडलं होतं. अरुंद कोपऱ्यात हवा आपटून उलटी फिरते आणि रंगाचे थेंब पोचण्याआधीच अर्धवट सुकतात. ते भुकटीसारखे बसले आणि आतले सगळे कोपरे खरखरीत झाले. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे तेव्हा ते डोळ्यांना दिसलंच नाही. दिसलं वॉश, म्हणजे खोबणीत सावली आणणारा पातळ गडद रंग, दिल्यावर. वर तुकतुकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, होता, तरीही वॉश रेषेत न थांबता त्या खरखरीत भागात पसरला आणि जिथे नीटस सावली हवी होती तिथे धुरकट डाग पडले. थिनरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसलं तर डाग फिकट झाले, पण पसरले. पॅनल लाइनही, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा, पाच हातांनंतर निम्म्या बुजल्या होत्या. शेवटी तो सगळा भाग उतरवून पुन्हा रंगवावा लागला. माझ्यापेक्षा सफाईदार हात असणाऱ्यांना पांढरा दोन हातांतही साधत असेल. मला तीन प्रयत्नांत साधला नाही.

पांढऱ्यात थोडासा काळा किंवा तपकिरी पडला की झाकण्याची ताकद एकदम वाढते. उबदार राखाडीचे मला दोनच हात लागले. कडा झाकल्या, खोबणी गुळगुळीत राहिली, वॉश जिथे सोडला तिथेच थांबला. माझा कौल खरं तर तिथेच ठरला. बाकीचे मुद्दे नंतर लक्षात आले.

त्यातला एक उजेडाचा. शुभ्र पांढऱ्याच्या वर आणखी उजळ काही नसतं. मग उंचवट्यांवर उजेड रंगवायचा तरी कशाने? फळीवरच्या दिव्याखाली माझ्या पांढऱ्या यानाची सगळी पाठ एकसपाट दिसते, राखाडी यानाची झडपन्‌झडप वेगळी दिसते. मॉडेलवाले स्केल इफेक्टबद्दल बोलतात: वस्तू जितकी लहान प्रमाणात, तितका रंग फिकट आणि मवाळ घ्यावा, कारण लांबचे रंग हवेमुळे विरळ होतात. यावर अंतराळात हवा कुठे आहे, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पण मॉडेल आपण खोलीत, हातभर अंतरावरून बघतो. नजरेला ते मोठं आणि दूर आहे असं पटवायचं, तर टोकाचे रंग टाळलेले बरे. पांढरा टाळावा, आणि त्याच कारणाने काळ्याच्या जागी गडद राखाडी घ्यावा.

पडद्यावर पांढरं दिसलं हा पुरावा तर मी धरतच नाही. स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेतलं एन्टरप्राइज हे यान अनेकांच्या आठवणीत पांढरं आहे. चित्रीकरणासाठी १९६४ साली बांधलेलं त्याचं ११ फुटी मॉडेल १९७४ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आलं आणि २०१६ मध्ये नव्याने दुरुस्त होऊन पुन्हा प्रदर्शनात ठेवलं गेलं. दुरुस्ती करणाऱ्यांना यानाच्या बशीसारख्या गोल भागाच्या वरच्या अंगावर १९६० च्या दशकातला मूळ रंग शाबूत मिळाला. तो फिकट राखाडी आहे. प्रखर दिवे, फिल्म आणि चित्रीकरणात मागे लावलेल्या निळ्या पडद्याची झाक मिळून त्याचं कधी पांढरं, कधी निळसर होत असे.

राहिली निळसर राखाडी. ती झाकते उत्तम आणि पॅनल लाइनही छान दाखवते. शिस्तीतलं, नौदलाच्या थाटाचं यान असेल तर मी आजही तीच घेईन. पण माझ्या पांढऱ्या एलईडीखाली ती आणखी निळी पडते आणि यान थोडं लढाऊ विमानासारखं दिसू लागतं. शिवाय जुनाटपणा आणायला आपण बहुतेक वेळा तपकिरी ऑइल रंग वापरतो. निळसर अंगावर तेच ओघळ वरून चिकटवल्यासारखे वाटतात. उबदार राखाडीत ते मुरतात, वर्षानुवर्षांच्या वापराने साचल्यासारखे दिसतात. माल वाहणारं, डागडुजी करत चालवलेलं यान असेल तर हा फरक फार मोठा आहे.

उबदार राखाडीची एक अडचण मात्र आहे. मनासारखी छटा मला तयार मिळाली नाही, मिसळावी लागली. तामिया कंपनीच्या रंगांतल्या एक्सएफ-२ पांढऱ्याच्या दहा भागांत एक्सएफ-१९ स्काय ग्रेचे दोन आणि एक्सएफ-५७ बफचा एक, हे माझं प्रमाण. लाल पट्टे फार मंद वाटले, तर डिकलच्या जागी आधी पांढऱ्याचा पातळ हात द्यावा. आणि मिश्रण एकदाच भरपूर करून बाटलीत ठेवावं. डिकल लावल्यावर कुठे ओरखडा गेला आणि रंग संपलेला असला, तर तीच छटा पुन्हा जमवणं महाकठीण.

अजून मन ठरत नसेल तर तीन प्लॅस्टिकचे चमचे घ्या, प्रायमर मारा, तिन्ही रंग द्या आणि सुकल्यावर प्रत्येकाच्या निम्म्या भागावर वॉश सोडा. मग ते कामाच्या टेबलावर न बघता, मॉडेल जिथे कायमचं राहणार आहे त्या दिव्याखाली नेऊन बघा.