पेपरलेस-एनजीएक्स: घरचे मराठी कागद सांभाळायला कसं आहे

घरातल्या कागदपत्रांसाठी स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर काही बसवायचं असेल तर पेपरलेस-एनजीएक्स बसवा, हे मी आधीच सांगून टाकतो. पण इंटरनेटवर याचे जेवढे रिव्ह्यू सापडतात ते सगळे इंग्रजी नाहीतर जर्मन कागद डोळ्यासमोर ठेवून लिहिलेत. आपल्याकडचा सातबारा, फेरफार, घरपट्टीची पावती, सोसायटीचं परिपत्रक यात टाकलं की काय होतं हे कुणीच सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. बसवणं सोपं आहे. मराठीसाठी नीट सेट करणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॅनियल क्विन यांनी पेपरलेस नावाचा प्रोजेक्ट सुरू केला, त्यातून पुढे पेपरलेस-एनजी आला, आणि त्याचं काम थंडावल्यावर २०२२ मध्ये बऱ्याच लोकांनी मिळून एनजीएक्स चालू केला, तो आजही जोरात चालू आहे. पूर्ण फुकट, जीपीएल लायसन्स. तुम्ही कागद स्कॅन करून टाकायचा, तो टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून त्यातला मजकूर वाचून घेतो (यालाच ओसीआर म्हणतात), पीडीएफ-ए या जतन करण्यासाठीच्या स्वरूपातली एक प्रत बनवतो, मूळ फाइल आहे तशी ठेवतो आणि मग टॅग, पाठवणारा, कागदाचा प्रकार, तारीख यावरून काहीही शोधता येतं.

माझ्याकडे जुना मिनी पीसी आहे, ८ जीबी रॅम, डेबियन १२. एवढं घराला भरपूर होतं. ओसीआर चालू असताना प्रोसेसर तापतो, बाकी वेळ मशीन निवांत असतं. डॉकरवरच बसवा (तो प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो), थेट सिस्टिमवर बसवता येतं पण पायथॉन, रेडिस, घोस्टस्क्रिप्ट सगळ्यांच्या आवृत्त्या स्वतः सांभाळत बसण्यात काही अर्थ नाही. आणि डेबियन १२ च्या स्वतःच्या भांडारातलं डॉकर-कंपोज (एका फाइलवरून कंटेनर उभे करणारं साधन) जुनं १.२९ वालं आहे, तेव्हा डॉकरची अधिकृत एपीटी रेपो जोडून त्यातूनच डॉकर आणि कंपोज प्लगिन घ्या.

प्रोजेक्टची इन्स्टॉल स्क्रिप्ट आहे, ती एकेक प्रश्न विचारत जाते, पोर्ट (८०००), टाइमझोन (एशिया/कोलकाता), डेटाबेस, फोल्डर कुठे, युजर आयडी वगैरे. डेटाबेसला मी पोस्टग्रेस घेतला. वर्डच्या फाइली टाकायच्या असतील तर टिका आणि गोटेनबर्ग हे दोन जास्तीचे कंटेनर लागतात, नसतील तर घेऊ नका, उगाच रॅम जाते.

आता मराठी. हाताने कंपोज फाइल लिहिणारे इथे हमखास अडकतात, कारण जवळजवळ एकाच नावाच्या दोन सेटिंग आहेत. पेपरलेस_ओसीआर_लँग्वेजेस म्हणजे कुठल्या भाषा डाउनलोड करून बसवायच्या, तिथे एमएआर लिहायचं आणि एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये स्पेस द्यायची. पेपरलेस_ओसीआर_लँग्वेज म्हणजे प्रत्यक्ष वाचताना कुठली वापरायची, तिथे एमएआर+ईएनजी असं अधिकचं चिन्ह देऊन लिहायचं. पेपरलेसच्या तयार डॉकर इमेजमध्ये आधीपासून इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश एवढंच असतं, मराठी नसतं, त्यामुळे दोन्ही भराव्या लागतात. बदल केल्यावर नुसतं कंपोज रीस्टार्ट करून चालत नाही, नवीन सेटिंग उचलायला कंपोज अप माइनस डी द्यावं लागतं, आणि ती भाषा कंटेनर नव्याने उभा राहताना नेटवरून खाली येते म्हणून त्या वेळी नेट चालू हवं. हिंदी पण जोडावी का? कागद मराठी असतील तर नको, जितक्या भाषा जास्त तितका वेळ जास्त.

छापील मराठी कागद ३०० डीपीआयला सरळ स्कॅन केला तर निकाल चांगला येतो, मी खूश आहे. जोडाक्षरं कधीकधी तुटतात, अनुस्वार उडतो, पण शोधायला पुरेसं असतं. स्टॅम्प पेपरवर मागची नक्षी आणि शिक्के मजकुरात मिसळतात, तिथे फार अपेक्षा ठेवू नका. हाताने लिहिलेले जुने फेरफार टेसरॅक्टला वाचता येत नाहीत आणि मोडीतले कागद तर नाहीच नाही. ते नुसते चित्र म्हणून ठेवायचे आणि गट नंबर, गाव, वर्ष हे टायटलमध्ये आणि नोट्समध्ये हाताने टाइप करायचं. आजोबांच्या वेळचे कागद अशा वीस-पंचवीस शब्दांच्या नोटवर सुद्धा लगेच सापडतात, तेवढा वेळ द्या.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. मुळात डिजिटल असलेल्या पीडीएफ, म्हणजे मेलवर आलेल्या किंवा साइटवरून उतरवलेल्या, त्यात आधीच टेक्स्ट असतं. पेपरलेसचा ओसीआर मोड मुळात स्किपवर असतो, म्हणजे पानात टेक्स्ट दिसलं की तो ओसीआर करतच नाही, आहे ते उचलतो. इंग्रजी कागदाला हे अगदी योग्य आहे. पण आपल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं परिपत्रक असेल तर डोळ्याला मराठी दिसतं आणि आत रोमन अक्षरांचा कचरा असतो. युनिकोडमध्ये बनवलेल्या मराठी पीडीएफमधून सुद्धा टेक्स्ट काढताना पुष्कळदा वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. पेपरलेस तो कचरा जसाच्या तसा साठवतो, कुठली एरर येत नाही, आणि सहा महिन्यांनी शोधायला गेल्यावर कळतं की कागद सापडतच नाही. म्हणून प्रत्येक नवीन ठिकाणाहून आलेल्या पहिल्या कागदाचा कंटेंट टॅब उघडून बघा. मराठी नीट वाचता येत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर उपाय म्हणजे मोड फोर्स करणं, त्यात पान आधी चित्र बनतं आणि मग त्याच्यावर ओसीआर होतो. पण ते सगळ्याच कागदांना लागू होतं आणि चांगल्या इंग्रजी पीडीएफपण त्यात भरडल्या जातात, प्रतीचा आकारही वाढतो. मी मोड स्किपच ठेवलाय आणि असे ठरावीक कागद पीडीएफटूपीपीएम या कमांडने ३०० डीपीआयला चित्र करून टाकतो, तेवढी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवली की झालं. रिडू नावाचा मोड बघून काहींना वाटतं की तो इथे उपयोगी पडेल, तर तो मुख्यतः स्कॅनरने आधी केलेला वाईट ओसीआर बदलण्यासाठी आहे, टाइप केलेल्या खऱ्या टेक्स्टला तो हात लावत नाही.

डिजिटल सही असलेल्या सातबाऱ्याचं अजून एक. सही असलेल्या पीडीएफवर ओसीआर केला तर सही मोडते, म्हणून पेपरलेस ओसीआरसाठी आत वापरतो ते ओसीआरमायपीडीएफ हे काम करायला नकार देतं आणि पेपरलेस असलेलं टेक्स्ट घेऊन पुढे जातो. पेपरलेस_ओसीआर_युजर_आर्ग्स मध्ये इनव्हॅलिडेट_डिजिटल_सिग्नेचर्स ट्रू केलं की ओसीआर होतो. घाबरायचं कारण नाही, सही फक्त बनवलेल्या प्रतीतून जाते, मूळ फाइल सहीसकट तशीच राहते. फक्त बँकेला किंवा वकिलांना पाठवताना डाउनलोडच्या बाणातून ओरिजिनल निवडायचं हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पासवर्ड असलेल्या पीडीएफ, म्हणजे ई-आधार, बँकेची स्टेटमेंट, या टाकण्याआधी क्यूपीडीएफ या कमांडने पासवर्ड काढून घ्या, नाहीतर आतलं काहीच वाचलं जात नाही.

टॅग आपोआप लागणं ही याची सगळ्यात आवडती गोष्ट आहे, आणि मराठीत सगळ्यात जास्त डोकं इथेच लागतं. महावितरण हा शब्द दिसला की वीजबिल टॅग, असं एनी वर्ड (दिलेल्यातला कुठलाही शब्द) हा पर्याय वापरून केलं तर लागतो. घरपट्टी हा शब्द दिला तर लागत नाही. कारण असं की जुळवताना शब्दाची कडा तपासली जाते आणि पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात साचा जुळवायची पद्धत) काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं धरली जात नाहीत. महावितरण हा ण वर संपतो म्हणून कडा सापडते, घरपट्टी, पावती, सातबारा हे काना-वेलांटीवर संपतात म्हणून सापडत नाही. उपाय सोपा आहे, मॅचिंगमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन हा पर्याय निवडा आणि नुसता शब्द लिहा, तिथे कडेची अट नाही. हे कुठे लिहिलेलं दिसत नाही आणि लोक समजतात की मराठी चालतच नाही. चालते, व्यवस्थित चालते.

ऑटो नावाचा पर्याय पण आहे, तो तुम्ही आधी लावलेल्या टॅगवरून शिकतो. इनबॉक्स टॅग (नवीन कागदाला आपोआप लागणारा) असलेले कागद तो शिकायला घेत नाही, त्यामुळे कागद तपासून झाला की इनबॉक्स काढत चला. सुरुवातीला कागद कमी असताना त्याच्यावर अवलंबून राहू नका.

शोधताना मी टायटल अँड कंटेंट हा साधा पर्याय वापरतो, तो मजकुरात ती अक्षरं सलग आहेत का एवढंच बघतो. यामुळे फेरफार टाकलं की फेरफाराची, फेरफारात हे पण मिळतं. पण विहीर टाकलं तर विहिरीचा मिळत नाही, वीज टाकलं तर विजेचे मिळत नाही, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं ना. अशा वेळी विहि आणि विही असं दोन्ही शोधायचं. सवय होते. तारखेचं मात्र दुखणं आहे, देवनागरी आकड्यांतली तारीख त्याला ओळखता येत नाही, इंग्रजी आकडे असतील तर ओळखतो आणि दिवस-महिना-वर्ष हा क्रम मुळातच धरलेला आहे म्हणून घोळ होत नाही. देवनागरी तारखेचे कागद हाताने दुरुस्त करावे लागतात. मी वापरतो त्या आवृत्तीत इंटरफेसच्या भाषांत मराठीही नाही, आई-बाबांना वापरायला देताना ते जाणवतं. टॅग मराठीत ठेवले की बरंच निभावतं.

फोल्डरबद्दल. कन्झ्यूम फोल्डरमध्ये, म्हणजे नवीन कागद जिथे टाकायचे तिथे, टाकलेली फाइल आत घेतली की तिथून जाते, ती मीडिया फोल्डरमध्ये गेलेली असते. तो फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) असेल तर पोलिंग (ठरावीक वेळाने फोल्डर तपासणं) चालू करा, नाहीतर नवीन फाइल आलेली कळतच नाही. फाइलनेम फॉरमॅट पहिल्याच दिवशी ठरवा, वर्ष, मग पाठवणारा, मग टायटल, म्हणजे उद्या पेपरलेस नसला तरी फोल्डर उघडून कुणालाही कागद काढता येईल. टायटल छोटं ठेवा, लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, ३ बाइट खातं, म्हणजे फार तर ८५ चिन्हं.

बाहेरून वापरायचं असेल तर थेट इंटरनेटवर उघडू नका. कागद डिस्कवर एन्क्रिप्ट न करता पडलेले असतात, प्रोजेक्टवालेच सांगतात की भरवशाच्या मशीनवरच चालवा. आणि घरच्या ब्रॉडबँडला सीजीनॅट (कंपनीने बऱ्याच घरांना मिळून एकच पब्लिक आयपी देणं) असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग होतच नाही. टेलस्केल हे खाजगी व्हीपीएन टाका, दोन्ही प्रश्न सुटतात. समोर एनजिन्एक्स हा वेब सर्व्हर ठेवणार असाल तर पेपरलेस_यूआरएल भरा, नाहीतर लॉगिनला सीएसआरएफची एरर येते, वेबसॉकेट पुढे पाठवा, आणि क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ वाढवा, कारण मुळात ती १ एमबी असते आणि कुठलंही धड स्कॅन त्यापेक्षा मोठं असतं.

बॅकअपला डॉक्युमेंट_एक्सपोर्टर कमांड आहे, सगळे कागद आणि त्यांचे टॅग एका फोल्डरात काढून देते. मी ते क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालेल असं) लावलंय आणि तिथून आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर जातं. परत आत घेताना पेपरलेसची आवृत्ती तीच असावी लागते, म्हणून कंपोज फाइलमध्ये लेटेस्ट न लिहिता आवृत्तीचा नंबर लिहा आणि एक्सपोर्ट घेतल्याशिवाय अपग्रेड करू नका. वीज वारंवार जाणाऱ्या गावात मशीनला छोटा यूपीएस हवाच.

एक गोष्ट अजून करून बघायची आहे. डेबियनच्या पॅकेजमधलं मराठी मॉडेल वेगवान प्रकारातलं असतं, टेसडेटा_बेस्ट म्हणून हळू पण जास्त अचूक मॉडेल टेसरॅक्टवालेच देतात, ती फाइल कंटेनरमध्ये माउंट करून वापरता येते. कुणी मराठी कागदांवर दोन्ही चालवून बघितलं असेल तर जोडाक्षरांत आणि अनुस्वारांत किती फरक पडतो ते सांगा.