‘छावा’ घरी बघताना: पगडी खरी, फितुरीचं काय?

छत्रपती संभाजीराजांवरचा लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ 14 फेब्रुवारी 2025 ला थिएटरांत लागला आणि 11 एप्रिलपासून नेटफ्लिक्सवर आला. घरी बघण्याचा फायदा एवढाच की हवा तिथे थांबवता येतो. हा चित्रपट तसाच बघावा. पहिला थांबा अगदी सुरुवातीच्या खुलाशाच्या पाटीवर घ्या. कथा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून घेतली आहे, दफ्तरातून नाही. कागदांवरून कादंबरी आणि कादंबरीवरून पटकथा, अशी ती दोन हातांतून गेलेली आहे. दुसऱ्या हाताने काय घातलं आणि काय गाळलं, एवढंच इथे तपासलं आहे.

करमणूक म्हणून माल चोख आहे. विकी कौशल जीव ओतून काम करतो, पण पूर्वार्धात संवादापेक्षा आरोळ्या जास्त. अक्षय खन्नाचा औरंगजेब आवाज न चढवता पडदा खाऊन टाकतो. ए. आर. रहमानचं संगीत स्वतंत्र ऐकायला बरं, सतराव्या शतकावर मात्र बसत नाही.

सगळ्यांत फिल्मी वाटतो तो औरंगजेबाचा पण: संभाजीचा निकाल लागेपर्यंत मुकुट डोक्यावर चढवायचा नाही. हा लेखकाचा मसाला असणार, असं वाटून आपण तो सोडून देतो. पण हाच भाग कागदावर आहे. कारवारच्या इंग्रज वखारीने 1682 साली सुरतेला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय, की मोगल संभाजी राजावर इतका खवळलाय की त्याने पगडी फेकून दिली आणि त्याला मारल्या, पकडल्या किंवा मुलखातून हुसकल्याशिवाय ती पुन्हा घालणार नाही अशी शपथ घेतली. वखारवाल्यांना ही बातमी ऐकीव मिळाली असणार, बादशहाच्या तंबूत त्यांचं कोणी बसलेलं नव्हतं. तरी पत्र त्या काळातलं आहे. चित्रपटाने पगडीचा मुकुट केला, त्याबद्दल कुणी भांडू नये.

बुऱ्हाणपूरचं उलट आहे. प्रसंग खरा, फक्त त्यातला माणूस हलवलेला. संभाजीराजांचा राज्याभिषेक रायगडावर 16 जानेवारी 1681 ला झाला आणि बुऱ्हाणपूर लुटलं गेलं ते त्याच महिन्याच्या अखेरीस. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर सरळ रेषेत मोजलं तरी 400 किलोमीटरहून जास्त भरतं. या स्वारीचं नेतृत्व इतिहासकार सहसा सरसेनापती हंबीरराव मोहित्यांकडे देतात. पडद्यावर नायक स्वतः पुढे असतो आणि वर खड्ड्यात पडून सिंहाचा जबडा फाडतो. या झुंजीला समकालीन आधार नाही. पण नायकाला पहिल्या वीस मिनिटांत उभं करायचं म्हणून असं होतं, आणि त्यात कुणाची अब्रू जात नाही. हंबीररावांच्या वाट्याचं श्रेय तेवढं कमी होतं. कुणाच्या पदरातून काढून कुणाच्या पदरात टाकलं, हे अशा चित्रपटांत आधी बघायचं असतं.

औरंगजेबाची मुलगी झीनत-उन-निसा पडद्यावर बापाशेजारी बसून संभाजीराजांच्या शेवटाची वाट बघते. खऱ्या झीनतची ओळख वेगळी आहे. नोव्हेंबर 1689 मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि लहानगा शाहू मोगलांच्या कैदेत गेले, तेव्हा छावणीत त्यांना माया लावणारी म्हणून तिचं नाव मराठ्यांच्या इतिहासात राहिलं. कथा मार्च 1689 मध्येच संपते, त्यामुळे पुढचं दाखवायची सक्ती नव्हती. पण जिचं नंतरचं वागणं ठाऊक आहे तिला आधी एवढं कोरडं करायचं, तर कारण हवं होतं. पटकथेत ते नाही.

आता शिर्क्यांकडे. खरी मेख इथेच आहे. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरात मोगल सरदार मुकर्रबखानाने राजांना पकडलं आणि 11 मार्चला त्यांची हत्या झाली, एवढं पक्कं. गणोजी शिर्के येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई होते, वतनावरून छत्रपतींशी बिनसल्यावर ते मोगलांकडे गेले, हेही पक्कं. पण त्यांनीच खानाला वाट दाखवली, हा दुवा सांगणारा त्या वेळचा पुरावा नाही. तो नंतरच्या परंपरेतून आला आहे. चित्रपटात मात्र गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्याकडे बोट दाखवूनच गोष्ट पुढे सरकते. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्यातून हरकत आली तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली आणि आडनाव घेतलेलं नाही असं सांगितलं. येसूबाईंचा भाऊ म्हणून दाखवल्यावर आडनाव न घेतल्याने काय झाकलं जातं?

गंमत अशी की प्रदर्शनाआधी गदारोळ झाला तो लेझीमवरून. राजे लेझीम खेळताना दाखवले म्हणून तो भाग काढावा लागला. लेझीम हा प्रसंगाचा रंग होता, त्याने कुणाला गुन्हेगार ठरवलं नव्हतं. तो कापला गेला आणि फितुरीचा आरोप जसाच्या तसा राहिला. आपण पडद्यावरच्या पायांकडे बघत बसलो आणि बोट कुणाकडे रोखलंय ते पाहिलंच नाही.

असा आरोप तपासायचा तर तीन गोष्टी बघाव्या लागतात: कोण सांगतो, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतो, आणि त्याचं त्यात काय अडकलंय. चिटणीस बखरीचंच घ्या. संभाजीराजांविषयीच्या कितीतरी गोष्टी तिच्यातून आल्या, पण ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे सुमारे 120 वर्षांनी. शिवाय लिहिणारे मल्हार रामराव ज्या बाळाजी आवजींच्या वंशातले, त्यांना 1681 मध्ये संभाजीराजांनीच देहदंड दिला होता. म्हणून बखर फेकून द्यावी असं नाही. तिच्यातलं कडू वाक्य मात्र दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय गिळू नये.

तारखा जुळवताना एक खड्डा नेहमी लागतो. त्या काळी पोर्तुगीज नवं कॅलेंडर वापरत आणि इंग्रज जुनं, त्यामुळे एकाच दिवसाच्या दोन नोंदींत 10 दिवसांचा फरक पडतो. त्यात इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी 1684 त्यांच्या कागदात 1683 म्हणूनही सापडतो. मोगल नोंदी हिजरीत, मराठी पत्रं शकात. या तारखा एकमेकींत न बदलता ‘चित्रपटाची तारीख चुकली’ म्हणून पोस्ट टाकणारे बहुतेक वेळा स्वतःच चुकलेले असतात.

गोव्यात बसून बघणाऱ्याला सगळ्यांत जास्त खटकेल ते चित्रपटात नसलेलं. पोर्तुगीजांशी झालेला संघर्ष कथानकात जवळजवळ नाहीच. येसाजी कंक हे पात्र आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर 1683 मध्ये विजरई (गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय) कोंद द आल्व्होरने फोंड्याच्या कोटाला वेढा घालून तोफांनी तटाला भगदाड पाडलं, तेव्हा येसाजी आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी आत लढत होते, याचा मागमूस नाही. कृष्णाजी पुढे त्या जखमांनी दगावला. राजे स्वतः घोडदळ घेऊन आले आणि विजरईला दुर्भाटच्या वाटेने मागे फिरावं लागलं. 24 नोव्हेंबरला मराठ्यांनी जुवे बेटावरचा कोट घेतला. जुने गोवे तिथून हाकेच्या अंतरावर. विजरई धावला तो बॉं जेझूसच्या चर्चमध्ये. सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून त्याने आपला राजदंड आत ठेवला आणि गोव्याचं रक्षण आता तुम्हीच करा म्हणून साकडं घातलं. डिसेंबरात मराठे गोव्यातल्या साष्टी आणि बारदेशात घुसले, आणि पाठीमागून औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज येते आहे कळल्यावर जानेवारीत राजे परतले. पेटीतल्या राजदंडापुढे सिंहाचा जबडा काय टिकणार? एवढा आयता प्रसंग दफ्तरात असताना पटकथाकार कल्पनेच्या मागे का गेले, हे कोडंच आहे.

औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबरही पडद्यावर येतो आणि जातो. तो या काळात डिचोलीत मुक्कामाला होता, तिथला नमाझगाह त्याच्या नावाशी जोडला जातो. डिचोलीकरांना हे चित्रपटातून कळणार नाही.

कुणी म्हणेल, अडीच-पावणेतीन तासांत सगळं कसं बसवणार? बसत नाही, कबूल. कालखंड आवळावा लागतो, दोन माणसांचा एक करावा लागतो. त्यासाठी एक सरळ मार्ग गोव्यातच वापरून झालाय. ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट गोव्याचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्यावरून सुचलेला, पण पात्रांची नावं लॉरी आणि दोना. गाणी खरी, काळ खरा, माणसं मात्र उघडपणे रचलेली. दिग्दर्शकाला हवी तेवढी मोकळीक मिळाली. छत्रपतींचं नाव बदलता येत नाही हे खरं, पण खबर देणारा निनावी ठेवता आला असता आणि कथेचं काही बिघडलं नसतं.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांनी पांडुरंग पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा 1967 चा ग्रंथ हातात घ्यावा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आधी तोच मागावा, आणि अथपासून न वाचता थेट 1683 ची पानं काढावीत. सोबत वा. सी. बेंद्रे यांचं किंवा कमल गोखले यांचं संभाजीचरित्र असलं की फिरंगी बाजू आणि मराठी बाजू शेजारी ठेवून बघता येते.

अभिनयासाठी चार तारे, इतिहासासाठी दोन, आणि त्यातला एक पगडीचा. शाळेत दाखवायचा विचार असेल तर शेवटचा छळाचा भाग लांब आणि अंगावर येणारा आहे, तो लहान मुलांसाठी नाही. नववी-दहावीच्या वर्गाला बुऱ्हाणपूर आणि औरंगजेबाच्या दरबाराचे प्रसंग पुरतात. संगमेश्वर दाखवलंच, तर गणोजींचं नाव आलं की तिथेच चित्रपट थांबवून पुराव्याचं बोलून घ्यावं.