दर अकरा मिनिटांनी भुंकणारा कुत्रा

संध्याकाळी डोकं शांत व्हावं, रात्री नीट झोप लागावी म्हणून काहीतरी आवाज लावायचा, इथवर तुमचं ठरलेलं आहे असं धरतो. प्रश्न एवढाच की लावायचं काय. गेल्या तीन वर्षांत मी तिन्ही करून पाहिलं: फोनवरचे तयार ट्रॅक, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आणि खरा तंबोरा. मी गवई नाही. शाळेच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं करून ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं होतं. तेव्हा पुढचं सगळं एका बेसुऱ्या माणसाचं मत समजून वाचा.

सुरुवात अर्थातच फोनपासून झाली. पत्र्यावर पडणारा पाऊस, सलग आठ तास. आजोळी माडीवर झोपायचो तेव्हाचा तो आवाज, त्यामुळे पहिला आठवडा अगदी गाढ झोपलो. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं, की पावसाच्या मागे, बऱ्याच लांब, एक कुत्रा दोनदा भुंकतो. मग बादलीची कडी पडल्यासारखा एक आवाज. मग पुन्हा नुसता पाऊस. थोड्या वेळाने पुन्हा कुत्रा, पुन्हा कडी. घड्याळ लावून पाहिलं, तर अकरा मिनिटांचाच तुकडा जोडत जोडत आठ तासांपर्यंत नेलेला.

त्या रात्रीपासून मी पाऊस ऐकत नव्हतो, कुत्र्याची वाट बघत होतो. तो भुंकला की वाटायचं, चला, आता अकरा मिनिटं मोकळा. नवव्या मिनिटाला कान पुन्हा टवकारलेले. लाटांचा ट्रॅक लावला, तर त्यात एक लाट वर येते आणि फुटायच्या आधीच गायब होते. तानपुऱ्याचा लावला. त्यात सांधा बारीक होता, षड्ज वाजता वाजता मध्येच किंचित ‘टक्’. बायकोला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, “आता मलाही रोज ऐकू येणार. कशाला सांगितलंत?”

सगळ्यांना असा त्रास होत नसावा. ती स्वतः त्या कुत्र्यासकट तीन मिनिटांत झोपायची. शिवाय गाणं शिकणारी मुलं वापरतात त्या चांगल्या तानपुरा ॲपमध्ये प्रत्येक तार सुटी वाजते, तिथे सांध्याचा प्रश्नच नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकून पालथा ठेवणं तुम्हाला जमत असेल, तर खरं म्हणजे खर्च करायचं काही कारण नाही. मला जमलं नाही. आवाज कमी करायला म्हणून फोन उचलायचो आणि वीस मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी लिहीत असायचो.

याच काळात ‘४३२ हर्ट्झने मन बरं होतं’ छापाचे ट्रॅकही भरपूर ऐकले. पाश्चात्त्य संगीतातला ए हा स्वर ४४० हर्ट्झवर धरावा हे आंतरराष्ट्रीय मानक १९५५ सालचं, म्हणजे तो आकडा माणसांनी बसून ठरवलेला. आपल्याकडे तर सा ज्याचा त्याचा, गळ्याप्रमाणे हार्मोनियमची काळी-पांढरी पट्टी बदलते. एखाद्या आकड्यातच औषध आहे हे मला पचलं नाही. पण ते लावून कुणाला बरं वाटत असेल, तर त्याच्याशी वाद घालायला मी जाणार नाही.

आता तंबोरा. सासूबाईंचा मिरजेचा तंबोरा गवसणीत गुंडाळून माळ्यावर पडून होता. तो उतरवला, मिरजेला नेला आणि जवारी काढून आणली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवून घेतला. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्टेशनवरून रिक्षात मांडीवर तंबोरा घेऊन बसलं, की पत्ता सांगावा लागत नाही.) त्या कारागिराने तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घातला आणि नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवत राहिला. तोवर ‘ठण्ण’ करून विझणारी तार एका जागी आली आणि एकदम उमलली. आवाज संपेचना. चपट्या, किंचित गोलाई दिलेल्या घोडीमुळे तारेतले वरचे स्वर एवढे का फुलतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं होतं. मला त्यातलं गणित कळत नाही. पण कारागिराने खर्जाची तार छेडून विचारलं, “गंधार ऐकू येतोय का?” आणि कुणीही न लावलेला, कुठल्याच तारेवर नसलेला गंधार खरंच हवेत होता. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच, हे मला पन्नाशीत कळलं.

नुसत्या नादाचा प्रश्न असता तर पेटीचं नावही काढायची गरज नव्हती. पण हा बायकी तंबोरा, काळी चारचा. माझा गळा काळी एकला बसतो. तेवढं खाली उतरवलं की तारा ढिल्या पडतात आणि मिरजेहून आणलेली जवारी जाते. पुरुषी तंबोरा वेगळा, भोपळाही मोठा, तारा जाड, आणि किंमत ऐकून मी चहा घेऊन परत आलो. पावसाळ्यात खुंट्या सरकतात. तारांत ओवलेले मणी खालीवर करून मी वीस मिनिटांत जे लावतो, त्याला बायको ‘जवळपास’ म्हणते. एकदा रात्री साडेदहाला चिडून खुंटी जरा जास्त पिळली आणि पंचमाची तार फाडकन तुटली. घर जागं झालं. मनःशांतीसाठी बसलेला माणूस हातात तुटकी तार घेऊन सगळ्यांची माफी मागत होता.

ज्यांना तंबोरा लावता येतो त्यांचं वेगळं. बायको रविवारी सकाळी लावते, तेव्हा मी शेजारी पेपर घेऊन बसतो आणि अर्धा तास पान उलटत नाही. पण रोज रात्री, थकून आल्यावर, आपल्याआपण, असा हिशेब असेल, तर तो माझ्यासारख्याच्या आवाक्यातला नाही.

उरली पेटी. हिच्या जन्माचं श्रेय बंगळुरूचे जी. राज नारायण यांना देतात. व्यवसायाने अभियंते, हाताने बासरीवादक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हा उद्योग आरंभला. आवाजाबद्दल खोटं बोलत नाही: तंबोऱ्यासमोर ती स्टीलच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटते. मुलगा तिला ‘फ्रिज’ म्हणतो. स्वयंभू गंधार वगैरे विसरा.

पण हिच्यात कुत्रा नाही. प सा सा सा, प सा सा सा, प्रत्येक तार सुटी पडते, आधीचीचा नाद पुढचीत मिसळतो, आणि वाट बघावी असं काही घडतच नाही. पहिल्या रात्री मी अर्धा तास सांधा शोधत होतो. सापडला नाही. शोधायचं कधी थांबलो ते कळलं नाही.

दुसरी गोष्ट लयीच्या बटणाची. मी एक आवर्तन साधारण पाच सेकंदांवर आणून ठेवलं आहे. दोन आवर्तनांत एक श्वास: पहिलं सरत आलं की श्वास पूर्ण भरलेला, मग ओठ मिटून ‘म्’कार, दुसरं संपेपर्यंत. मिनिटाला सहा श्वास होतात. हे मी चाचपडत शोधलं होतं. नंतर वाचनात आलं, की २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ या दोन्हींच्या पठणाने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं दिसलं होतं आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम होत होता. माझ्याकडे मोजमाप काही नाही. एवढंच सांगतो, की वीस मिनिटांनी पेटी बंद केल्यावर शांतता त्रास देत नाही. रात्रभर काही लावून ठेवायची गरजही आपोआप गेली.

पेटी घेणार असाल तर दुकानात अडॅप्टर लावूनच ऐका. माझ्या पहिल्या अडॅप्टरची स्वतःची घुरघुर होती, काळी एकच्या पंचमाच्या किंचित खाली. बेसूर माणसालाही खुपेल अशी. काही हजारांची वस्तू आहे, घाई नको. आणि ज्यांना नुसतं पडून ऐकायचंय, गुणगुणायचं नाही, त्यांना पेटी चार दिवसांत कंटाळवाणी वाटेल. त्यांनी फोनच बरा, फक्त पाऊस निवडताना आधी पंधरा मिनिटं जागं राहून ऐकून घ्या.

झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल, जीव कशातच रमत नसेल, तर मात्र पेटी-तंबोरा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास चालू, फुकट. मराठीतही बोलता येतं.

पेटीबद्दल एकच तक्रार उरली होती: तिचा लाल दिवा. खोलीत अंधार केला की तो थेट डोळ्यांत यायचा. आता त्याच्यावर बायकोची टिकली चिकटवली आहे. मोठी, मरून रंगाची. छोटीतून उजेड येत होता.