जीवनशैली कार्यक्रमात आठ महिने : चालणं टिकलं ते फोनमुळे

रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी मधुमेह टाळण्यासाठीच्या या जीवनशैली कार्यक्रमात नाव घातलं. आता आठ महिने झालेत. ज्यांचा पहिलाच महिना चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. मनगटावरचा पट्टा मात्र रोज १०,००० पावलं मागायचा. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये आलेल्या 'मानपो-केई' (म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक') या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, हे मला फार उशिरा कळलं. तोवर रात्री सहा हजारांवर अडकलेला आकडा बघून मी रोज खट्टू व्हायचे.

चौथ्या आठवड्यात सगळं थांबलंच. सलग नऊ दिवस बूट पायात घातले नाहीत. कार्यक्रमातल्या समुपदेशक ताईंचा दर आठवड्याचा फोन आला तेव्हा आता बोलणी बसणार असंच वाटलं. त्यांनी विचारलं, "पुढच्या आठवड्यात तीन दिवस जमेल, याची शून्य ते दहात किती खात्री वाटते?"

"चार."

"बरं. मग दोन का नाही म्हणालात?"

मी गप्पच झाले. न जमण्याची कारणं तोंडपाठ होती, जमण्याची शोधावी लागली. चाललेल्या दिवशी झोप छान लागते, गुडघा आता कुरकुरत नाही... बोलता बोलता माझं मीच ठरवलं, कामावरून आल्यावर बसायच्या आधी बूट बदलायचे. ते आजही चालू आहे.

अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार, वजन आणि हीच १५० मिनिटं सांभाळणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. त्या गटात प्रत्येकाच्या मागे एक मार्गदर्शक होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तक्रारीही आहेत. गटातली पावलांची क्रमवारी रोज सगळ्यांना दिसते, त्यामुळे तळाचे लोक हळूहळू गप्प होतात. आमच्यातल्या दोघी तर सोडूनच गेल्या. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवा, त्याची माहिती मात्र जेमतेम एका पानात उरकलीय.

सर्वांत जास्त खटकलं ते सहा महिन्यांनंतरचं. दर आठवड्याचा फोन एकदम महिन्यावर गेला आणि माझी मिनिटं १५० वरून ९० वर आली. निदान पंधरवड्याला तरी फोन ठेवा, असं मी त्यांना लेखी कळवलंय. तोवर गटातल्या एका मैत्रिणीशी ठरवलंय, दर रविवारी तिने मला विचारायचं आणि मी तिला.