शाग्वानस ते पोर्ट ऑफ स्पेन: रोज मॅक्सीने (खासगी शेअर गाडीने) जावं, बसने की स्वतःच्या गाडीने?

त्रिनिदादच्या शाग्वानसमध्ये घर आणि राजधानीत नोकरी असली, तर अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण त्या वीस किलोमीटरांचं दुखणं जुनं आहे. पोर्ट ऑफ स्पेन ते पूर्वेकडचं अरिमा रेल्वे १८७६ मध्ये सुरू झाली, १८८० मध्ये दक्षिणेचा फाटा शाग्वानसवरून कूव्हापर्यंत आला, १८८२ मध्ये सॅन फर्नांडोला पोचला. १९६८ च्या अखेरीस सगळीच रेल्वे बंद. पुढे अरिमाच्या रुळांच्या जागी बस आणि मॅक्सींसाठी राखीव रस्ता झाला. दक्षिणेच्या वाट्याला तसं काही आलं नाही. त्यामुळे सकाळी मॅक्सी, बस आणि मोटार युराया बटलर महामार्गावर एकाच रांगेत उभ्या असतात. कोण आधी पोचतं, हे विचारण्यात अर्थ नाही. वाट थांब्यावर बघायची की रांगेत, एवढंच आपल्या हातात.

मॅक्सी म्हणजे बारा किंवा पंचवीस आसनांची खासगी गाडी. या मार्गावर गाडीवरचा हिरवा पट्टा बघूनच चढा. लाल पट्ट्याची पूर्वेकडे जाते. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. सकाळी पटकन भरते, दुपारी मात्र आपल्या शेअर रिक्षासारखं ताटकळावं लागतं. उतरायचं असेल तिथे घंटी दाबायची. परतीची मॅक्सी सिटी गेटला मिळते, म्हणजे जुन्या रेल्वे स्टेशनातच.

सरकारी बस (पीटीएससी या महामंडळाची, स्थापना १९६५) वेळापत्रकाने सुटते. अडचण तिकिटाची: चालक रोख घेत नाही, तिकीट आधीच काढून ठेवावं लागतं. नवखा माणूस इथेच अडतो आणि बस समोरून निघून जाते.

शेअर टॅक्सी घ्यायची तर नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते ना, ते बघा. ‘पी’ची गाडी खासगी, ती भाडं मारत असेल तर ते बेकायदा, आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात.

स्वतःची गाडी तेव्हाच, जेव्हा ऑफिस पार्किंग देतं. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, म्हणजे भारतातून गेलेल्याला हात बसवायला नकोत. मात्र जून ते डिसेंबर पावसाळा. कारोनी नदीचा सखल पट्टा तुंबला की बाहेर पडण्याआधी रस्त्याची खबर घ्या; अशा दिवशी हिरव्या पट्ट्याची मॅक्सीही वाचवत नाही.